तोंड मिटलेली फुलराणी

पेन्सिलने काढलेलं कुणाचंही चित्र दाखवा, पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "अय्या, अगदी फोटोसारखं!" यापुढचं कौतुक आपल्याला सुचत नाही. काढणाराही खूश, बघणाराही खूश. फोटो होताच, तर मग दोन महिने पेन्सिल कशाला घासली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारू नयेच, वाईट दिसतं. पण मी आज विचारणार आहे, कारण आमच्याकडे यावरून वाद चालू आहे आणि वाद घालणारी निम्मी मंडळी इथे वाचायला येतातच. (ताई, नमस्कार. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

माझं मत सांगून टाकतो. नाटकातल्या नटीचं चित्र फोटोसारखं असून भागत नाही. आणि भक्ती बर्वेंचं चित्र काढायचं असेल तर तोंड उघडं काढायला हवं. बोलताना. दात दिसले तरी चालतील.

आता हे भक्ती बर्वेंवर कसं आलं ते सांगतो. आमची मावशी सांगलीची. यंदा तिला पंच्याहत्तर पूर्ण झाली. माझी भाची साताऱ्याला असते, हात चांगला आहे तिचा; एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना 'ए' ग्रेड. मावशीआजीला काय द्यायचं यावर बराच खल झाला आणि ठरलं की भक्ती बर्वेंचं पेन्सिल पोर्ट्रेट. कारण मावशीपुढे नाटकाचा विषय काढला की तिसऱ्या मिनिटाला 'ती फुलराणी' येतं, आणि चौथ्या मिनिटाला "आमच्या सांगलीची हो ती".

खरंच आहे ते. भक्ती बर्वेंचा जन्म सांगलीचा, १० सप्टेंबर १९४८. पुढचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं. सुधा करमरकरांच्या लिट्ल थिएटरमधून बालनाट्यं, मग आकाशवाणी, दूरदर्शन आणि व्यावसायिक रंगभूमी. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिलं, त्यातली मंजुळा साळुंखे त्यांनी केली आणि मग महाराष्ट्राने त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारायचंच सोडून दिलं. 'अजब न्याय वर्तुळाचा', 'हँड्स अप', 'आई रिटायर होतेय', 'गांधी विरुद्ध गांधी'मधल्या कस्तुरबा, हे सगळं केलेली बाई. १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेली बाई. पण लोकांच्या तोंडी एकच, फुलराणी. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रमही त्या करायच्या. पु. ल. गेले जून २००० मध्ये. त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईहून मुंबईला परतताना पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ अपघात झाला आणि भक्ती बर्वे गेल्या. ५२ वर्षांचं वय. सांगलीच्या माणसाने जन्मगावाचा अभिमान बाळगावा, आणि सातारकराने वाईचं नाव निघालं की गप्प व्हावं, अशी ही वाटणी आहे. भाचीला हे माहीत नव्हतं. तिचा जन्म त्यानंतरचा. तिच्या पिढीला बाई ठाऊक आहेत त्या 'जाने भी दो यारों'मधल्या 'खबरदार'च्या संपादिका म्हणून, तेही सिनेमा रात्री मोबाईलवर बघितला असेल तर.

तर तिने आंतरजालावरून एक कृष्णधवल फोटो शोधला. छान आहे फोटो. मान किंचित कललेली, ओठ मिटलेले, अगदी बारीक हसू. त्यावर चौकटी पाडल्या, कागदावर तेवढ्याच प्रमाणात चौकटी पाडल्या, आणि एचबीपासून सहा बीपर्यंत सगळ्या पेन्सिली घेऊन बसली. रोज संध्याकाळी दीड-दोन तास. मेहनत खरी, त्यात वाद नाही. केसांची एकेक बट वेगळी, गालावर कापसाने घासून आणलेली छटा, डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका खोडरबराच्या टोकाने उचललेला. आम्ही सगळे म्हणालो, फोटोसारखं! मीही म्हणालो, त्यात काय.

वाढदिवसाच्या दिवशी सांगलीला गेलो. मावशीने चष्मा पुसला, चित्र खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "किती सुरेख काढलंयस गं बाळा. बातम्या सांगणारी भक्ती बर्वे ना ही? फुलराणी नाही काढलीस होय?"

भाचीचा चेहरा पडला. ताईचा तर फारच. पण मला ते वाक्य इतकं अचूक वाटलं की तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मावशी चित्रावर टीका करत नव्हती. ती एक माहिती देत होती. भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या हे तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. स्मिता पाटील, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे... खणखणीत, स्वच्छ मराठी. चेहरा शांत, नजर समोर, ओठ बातमी संपली की मिटलेले. भाचीच्या कागदावर तीच बाई उतरली होती. आणि मंजुळा साळुंखे? ती तर फुलं विकणारी, तोंडाने फाटकी, हेल काढून भांडणारी पोर. प्राध्यापक तिला शुद्ध बोलायला शिकवण्याची पैज मारतो, ते नाटक. म्हणजे संध्याकाळी पडद्यावर प्रमाण मराठीचा नमुना म्हणावा अशी बाई, आणि रात्री रंगमंचावर तेच प्रमाण मराठी धडपडत शिकणारी आणि शेवटी शिकवणाऱ्यालाच सुनावणारी मुलगी. चेहरा एकच. फरक सगळा तोंडात. जिभेत, ओठांत, जबड्यात, श्वासात.

मग तोंड मिटलेलं चित्र काढून फुलराणी कुठून येणार?

ताईचं म्हणणं, चित्राला आवाज नसतो, त्यामुळे हा मुद्दाच गैरलागू. मला उलट वाटतं. आवाज नाही म्हणूनच आवाज जिथून निघतो ती जागा नीट काढायला हवी. 'र' म्हणताना आणि 'ओ' म्हणताना तोंडाचा आकार वेगळा होतो. गालाचा स्नायू ओढला जातो, नाकपुडी फुगते, गळ्याची शीर दिसते. बघणाऱ्याला अक्षर कळणार नाही, पण कुणीतरी काहीतरी म्हणतंय, आणि जोरात म्हणतंय, हे कळतं. त्यांच्या त्या प्रसिद्ध स्वगताची चित्रफीत आंतरजालावर आहे. आवाज पूर्ण बंद करून बघा एकदा. मी बघितली. जबडा आणि खांदे बघत बसलो नुसते. काही कळत नाही आणि तरी सगळं कळतं.

दुसरं असं की नटीचा चेहरा जवळून बघण्यासाठी नसतोच. मावशीने ते नाटक सांगलीत पाहिलं की पुण्यात, यावर तिचं आणि काकांचं अजून एकमत नाही, पण मागच्या बाजूला बसले होते यावर दोघांचंही एकमत आहे, कारण पुढची तिकिटं परवडत नव्हती. पंधराव्या-सोळाव्या रांगेतून पापण्या दिसत नाहीत. गालावरची छटा दिसत नाही. वरून आणि समोरून येणारा उजेड चेहरा सपाट करतो, म्हणून तर रंगभूषा भडक करतात, भुवया गडद ओढतात. मागच्या रांगेला दिसतं ते काय? हनुवटी कुठल्या बाजूला उडाली ते. कमरेवर हात कसा ठेवला ते. मान वळली ते. आणि बोलताना उघडणारं तोंड. दीड फुटावरून पापण्या मोजून काढलेला चेहरा प्रेक्षकांपैकी कुणी पाहिलेलाच नसतो. तो आरसा पाहतो, रंगभूषाकार पाहतो आणि घरची माणसं पाहतात. मग मावशीला तो चेहरा ओळखू कसा यावा?

आणि गंमत म्हणजे त्या पापण्या खऱ्याही नसतात. आंतरजालावरचा तो फोटो केवढा? पोस्टाच्या तिकिटाएवढा. मोठा केला की नुसते करडे चौकोन दिसतात. त्या चौकोनांतून भाचीने एकेक केस काढला, म्हणजे मनानेच काढला. मन चालवायला माझी हरकत नाही, चित्रकाराने ते चालवावंच. पण चालवायचंच तर मिटलेल्या ओठांच्या पलीकडे का चालवू नये? जे फोटोत नव्हतं ते केसांच्या बाबतीत घालता, आणि बोलण्याच्या बाबतीत "फोटोत तसं नव्हतं" म्हणता, हे मला पटत नाही.

बायकांची चित्रं मिटल्या तोंडाचीच का असतात, यावरही मी जरा विचार केला. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालय अनेकांनी पाहिलं असेल. नसेल तर जरूर बघा, यमाईच्या टेकडीवर आहे, चढताना पाय दुखतात आणि वर गेल्यावर विसरायला होतं. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी राजा रविवर्म्यापासून युरोपपर्यंतचं केवढं जमवून ठेवलंय. तिथे किंवा कुठल्याही जुन्या वाड्यात, कुठल्याही संग्रहालयात व्यक्तिचित्रं बघा. सगळे ओठ मिटून. साधं कारण आहे. चित्रकारापुढे तासन् तास बसायचं तर तोंड उघडं ठेवून कोण बसेल? पुढे कॅमेरा आला, तर सुरुवातीच्या फोटोंनाही स्थिर बसावं लागे. म्हणून ओठ मिटायची सवय लागली. पुढे सवयीची सभ्यता झाली, आणि बायकांच्या बाबतीत जरा जास्तच झाली. आज पेन्सिलवर असली काही सक्ती नाही. समोर चित्रफीत थांबवून ठेवता येते, हव्या त्या क्षणाला. तरी आपण शोधतो तो मिटल्या ओठांचाच फोटो.

आणि सांगलीच्या आसपास हे व्हावं याची मला जरा जास्तच चुटपुट लागते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सीता पुरुषच झाला होता. पुढे जवळपास शंभर वर्षं नायिका म्हणजे पुरुषच. नागठाण्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते बालगंधर्व तर या सगळ्यांचे मुकुटमणी. त्यांची चित्रं आठवा. चेहरा नेमका कसा होता हे किती जणांना सांगता येईल? पण शालू, नथ, वेणीतला गजरा आणि उभं राहण्याची ढब, नुसती बाहेरची रेघ काढली तरी माणूस म्हणतो, बालगंधर्व! पुरुष बाई झाला तेव्हा आपण त्याची ढब काढली, आणि 'आंधळ्यांची शाळा'त १९३३ साली ज्योत्स्नाबाई भोळ्यांसारख्या खऱ्या बायका बायकांच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, पुढे भक्ती बर्वेंसारखी बाई रंगमंच दणाणून सोडायला लागली, तर तिचं चित्र काढताना आपण पासपोर्टचा फोटो काढतो. काय म्हणावं?

अर्थात तोंड उघडं काढणं अवघड असतं हे मान्य. फार अवघड असतं. दात हा पेन्सिलवाल्यांचा वैरी. दोन दातांमधली रेघ जरा ठळक झाली की मक्याचं कणीस दिसतं. दात पांढरे ठेवले की कवळी वाटते, कारण खरे दात वरच्या ओठाच्या सावलीत असतात, करडेच असतात. एकेक दात काढायचा नसतो, सगळ्यांचा मिळून एक फिकट पट्टा ठेवायचा आणि फक्त कोपऱ्यांत गडद करायचं. जीभ दाखवायची की नाही हा आणखी एक प्रश्न. किंचाळणं आणि बोलणं यांत कागदावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो, आणि जांभई आणि गाणं यांत तर तेवढाही नाही. म्हणून लोक टाळतात. टाळा, पण मग "नटीचं चित्र" म्हणू नका, "नटीच्या फोटोचं चित्र" म्हणा.

एक गोष्ट दहा वर्षांपूर्वी कदाचित इतक्या जोरात म्हणालो नसतो. आज फोनमध्ये कुठलाही फोटो घाला, दोन सेकंदांत त्याचं 'पेन्सिल स्केच' होऊन येतं. रेघा सुरेख, छटा सुरेख. भाचीच्याच एका मैत्रिणीने तोच फोटो घालून ते करून दाखवलं आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर, खरं सांगतो, दोन हातांवरून फरक सांगता येईना. भाची त्या रात्री जेवली नाही. तिचे साठ-सत्तर तास त्या दोन सेकंदांशी बरोबरी करत होते. फोटोसारखं काढण्याच्या शर्यतीत यंत्र पुढे गेलंय आणि ते परत मागे येणार नाही. मुलांना चौकटी पाडायला शिकवा, हाताला वळण लागतं, पण तिथेच थांबवू नका. यंत्राने मावशीला विचारलं नव्हतं की तुला काय आठवतं. ते भाचीला करता येतं.

आणि ते तिने केलं, ही या सगळ्या भानगडीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मावशीआजीच्या समोर बसली आणि म्हणाली, "आजी, सांग ना ती कशी दिसायची. चेहरा नको सांगू. काय करायची ते सांग." मावशीचे कान गेली चार-पाच वर्षं गेलेत. यंत्र आहे, पण नाटकाला जाऊन काही उपयोग होत नाही म्हणून तिने जाणं सोडलंय. ती उठून उभी राहिली आणि करून दाखवायला लागली. पंच्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात, तरी कमरेवर हात, हनुवटी वर, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे भलत्याच मोठ्या आवाजात. शेजारचे डोकावून गेले. काका म्हणाले, "अहो, हळू!" ते तिला ऐकूच आलं नाही. भाची भराभर रेघा ओढत होती. पंधरा-वीस पानं झाली असतील. त्यांत भक्ती बर्वे किती आणि आमची मावशी किती, हे सांगणं अवघड आहे. माझ्या मते बिघडत नाही. नाटक असंच तर उरतं. ज्यांनी पाहिलं त्यांच्या अंगात. 'ती फुलराणी' पुढे अमृता सुभाषने केलं, हेमांगी कवीने केलं, नाटक चालूच राहिलं, पण १९७५ ची ती मंजुळा ज्यांनी रंगमंचावर पाहिली ती माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसायला फार वर्षं हातात नाहीत.

ताईचा आक्षेप मात्र कायम आहे, आणि तो इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. ती म्हणते, पहिलं चित्र "पूर्ण" आहे, वहीतल्या रेघा "अर्धवट" आहेत, आणि हॉलमध्ये तोंड उघडं टाकून ओरडणाऱ्या बाईची तसबीर कोण लावतं? शिवाय पाहुणे विचारतील. विचारू देत की! पाहुण्यांनी विचारावं म्हणूनच तर लावायची. पण हॉल मावशीचा, भिंत मावशीची. सध्या पहिलं चित्र तिथे आहे, काकांनी काचेची फ्रेम करून आणलीय. मावशी त्याला "आमच्या बातम्या" म्हणते.

भाचीने परवा फोनवर माझ्या सगळ्या म्हणण्याला एक टाचणी लावली. म्हणाली, "मामा, तोंड उघडं हे ठीक आहे, पण बोलायच्या आधीचा क्षण काढला तर? श्वास घेतलाय, ओठ नुकते सुटलेत, शब्द अजून यायचाय." मी म्हणालो, काढून दाखव. तिचे तीन कागद वाया गेले आहेत, चौथा चालू आहे. ओठ नुसते सुटलेले म्हणजे दात जेमतेम दिसणार, त्यामुळे ही पळवाट आहे की खरोखर चांगली कल्पना आहे, हे कागद बघितल्याशिवाय मी काही कबूल करणार नाही.

तिला अडचण येतेय ती संदर्भांची. मिळतात ते फोटो बहुतेक समोर बसवून, थांबवून काढलेले. प्रयोग चालू असताना, प्रेक्षकांतून किंवा विंगेतून कुणी काढलेला एखादा फोटो, हललेला असला तरी चालेल, धूसर असला तर उत्तमच, तुमच्याकडे किंवा तुमच्या आईवडिलांच्या अल्बममध्ये असेल तर कळवा. आणि फोटो नसेल, पण नाटक पाहिलेलं माणूस घरात असेल, तर त्यांनी नेमकं काय पाहिलं ते चार ओळींत लिहून पाठवा. हात कुठे होता, पदर कसा खोचला होता, एवढंच. मावशीला वाचून दाखवता येणार नाही, पण मोठ्या अक्षरात छापून दिलं की ती वाचते, आणि कुठे चुकलं ते लगेच सांगते.